खुलासा कुणी कुणाला द्यायचा

टीव्हीवर हल्ली सारखी 'धक्कादायक खुलासा' अशी लाल पट्टी फिरत असते. अमक्याच्या मृत्यूबाबत मोठा खुलासा, तमक्या घोटाळ्यात नवा खुलासा. मला ते खटकतं. हिंदीत 'खुलासा' म्हणजे लपलेली गोष्ट उघडकीला येणं, आणि पट्ट्या लिहिणाऱ्यांनी तो अर्थ तिकडून जसाच्या तसा उचलला आहे. आपल्याकडे त्यासाठी शब्दांची वाण नव्हती. मराठीत बिंग फुटतं, गौप्यस्फोट होतो, भानगड चव्हाट्यावर येते. खुलासा ही निराळी गोष्ट आहे. ज्याला ठाऊक आहे त्याने, ज्याला उमगलेलं नाही त्याच्यासाठी, स्वतःच्या तोंडाने नीट उलगडून सांगणं म्हणजे खुलासा. त्यात कुणाला उघडं पाडणं नसतं.

या शब्दाबद्दल मी इतकी हळवी का, तर माझी सगळी नोकरी खुलासे लिहिण्यात, मागवण्यात आणि फाइलला लावण्यात गेली. १९८५ साली मी महसूल खात्यात लिपिक म्हणून लागले आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या कचेऱ्यांमधून. आस्थापना, बारनिशी, कूळकायदा, जमाबंदी, सगळ्या टेबलांवर बसले. टेबल कुठलंही असो, खुलासा चुकला नाही.

कचेरीतला खुलासा कसा मागतात ते बाहेरच्या लोकांना माहीत नसतं, म्हणून नमुना देते. 'आपण अमुक कामी विलंब केल्याचे निदर्शनास आले आहे. सबब आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा ही नोटीस मिळालेपासून तीन दिवसांचे आत सादर करावा. विहित मुदतीत खुलासा प्राप्त न झाल्यास आपले काहीएक म्हणणे नाही असे समजून पुढील कारवाई करण्यात येईल.'

हा मजकूर मी असंख्य वेळा टाइप केला. आधी रेमिंग्टनवर, पुढे संगणकावर. दरडावल्यासारखा वाटतो, पण त्याच्या मुळाशी फार चांगली गोष्ट आहे. माणसाचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय त्याला शिक्षा करायची नाही, ही ती गोष्ट. घटनेच्या ३११ व्या अनुच्छेदात सरकारी नोकराला बडतर्फ करण्याआधी बाजू मांडायची वाजवी संधी द्यायला सांगितलं आहे. आपल्याकडचे महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ चे, त्यातही किरकोळ शिक्षेआधीसुद्धा म्हणणं मागवावं लागतं. म्हणजे ती नोटीस खरं तर म्हणते, 'बोल बाबा, तुझं काय म्हणणं आहे ते.' आणि तरीही ती हातात पडली की माणूस बोलायचा थांबतो आणि लिहायला लागतो.

काय लिहितो? 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, कार्यबाहुल्यामुळे व अनवधानाने सदर बाब प्रलंबित राहिली असून त्याबाबत योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे. तरी सदरचा खुलासा मान्य व्हावा, ही विनंती.' पत्र कुणाचंही असो, तलाठ्याचं, मंडळ अधिकाऱ्याचं, पुरवठा निरीक्षकाचं. नाव झाकलं तर कुणाचं कोणतं ते ओळखता येणार नाही. मी अशा खुलाशांवर टिप्पणी लिहायला बसायची तेव्हा मला प्रत्येक वेळी एकच अडचण यायची. यात करणारा कुठे आहे? बाब प्रलंबित राहिली. कुणी ठेवली? कार्यवाही करण्यात येत आहे. कोण करतंय, कालपासून की उद्यापासून? 'करण्यात आले', 'होऊन गेले', 'राहून गेले' अशी क्रियापदं हाताशी आहेत आणि कचेरीने ती इतकी वापरली की कर्ता लिहिणं उद्धटपणाचं वाटू लागलं. 'मी केलं नाही' असं तीन शब्दांत लिहिलं तर वरिष्ठांना राग येईल, अशी सगळ्यांची समजूत. माझा अनुभव बरोबर उलटा आहे.

आमच्याकडे एक शिपाई बाई होत्या. नवरा खात्यातच होता, तो गेल्यावर अनुकंपावर लागलेल्या. जेमतेम सातवी शिकलेल्या, अक्षर मात्र ठळक आणि सरळ. एकदा एका सुनावणीची नोटीस वेळेवर पोचली नाही आणि पक्षकाराने साहेबांपुढे तक्रार केली. बाईंना नोटीस निघाली. आस्थापनेतल्या एकाने त्यांना 'कार्यबाहुल्यामुळे' वाला कागद करून दिला आणि सही करायला सांगितलं. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि डबा खायच्या सुट्टीत स्वतः लिहिलं: 'सोमवारी दुपारी मला चार पाकिटे दिली. तीन वाटली. चौथे पिशवीत तळाला राहिले, माझ्या ध्यानात आले नाही. मंगळवारी सकाळी पिशवी झाडली तेव्हा सापडले. लगेच नेऊन दिले. पोच जोडली आहे.' खाली सही.

कागद माझ्या टेबलावर आला. मी तो दोनदा वाचला आणि त्यावर टिप्पणी लिहायची मला गरजच वाटली नाही. तारीख, काय झालं, कसं झालं, पुढे काय केलं आणि त्याचा पुरावा, सगळं जागच्या जागी. साहेबांनी समासात लिहिलं, 'खुलासा मान्य. दप्तरी दाखल.' त्याच आठवड्यात एका मंडळ अधिकाऱ्यांचा तीन पानी खुलासा आला होता, संदर्भ क्रमांकांसह. तो वाचून साहेबांनी फेरखुलासा मागवला. खुलाशाचा खुलासा! नव्याने लागलेल्या पोरापोरींना मी नंतर नेहमी शिपाई बाईंचा तो कागद सांगत आले. माझ्यापुरती त्या शब्दाची व्याख्या तिथे ठरली.

निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसा मी या शब्दाचा माग काढला. 'खुला' आणि 'खुलासा' हे एकाच घरातले असणार असं आपल्याला वाटतं, पण ते नाहीत. खुला हा 'खुलणे'मधला. खुलासा आला अरबीतून, फारसीच्या वाटेने. मूळ 'खुलासा' म्हणजे अर्क, सार, गाळून उरलेलं शुद्ध. उर्दूत अजून तोच अर्थ आहे. तिकडे कवितेचा 'खुलासा' लिहा म्हटलं की पोरं सारांश लिहितात. त्याच धातूतला शब्द अरबीत लोणी कढवून निवळलेल्या तुपालाही वापरत. हे वाचलं आणि मला फार आनंद झाला. तूप कढवताना बेरी तळाला बसते, वरचं निवळतं, आरपार दिसतं. शिपाई बाईंच्या कागदातून घडलेली गोष्ट तशी आरपार दिसत होती.

आणि या घराण्यातले इतर शब्द किती! खलास, म्हणजे सुटलं, मोकळं झालं, म्हणून संपलं. खलाशी त्यातलाच मानतात. खालसा, म्हणजे मधे कुणी जहागीरदार नाही, थेट सरकारची अशी जमीन. १८४८ साली साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी 'खालसा' केलं तो हाच शब्द, आणि शिखांचा खालसाही हाच. महसूल खात्यात जन्म काढलेल्या बाईला हा शब्द कागदोपत्री परका नव्हता, पण खुलाशाचा तो भाऊ आहे हे मला माहीत नव्हतं. मग निखालस. मूळ शब्द खालिस, म्हणजे भेसळ नसलेला. मराठीने त्याला पुढे 'नि' जोडला आणि अर्थ आणखी घट्ट केला. निखालस मनाचा माणूस. आपण 'निखालस खोटं' असंही म्हणतो, म्हणजे ज्यात खऱ्याची भेसळ नाही असं खोटं. शब्द किती प्रामाणिक आहे बघा, खोट्यालासुद्धा शुद्ध असण्याचा मान देतो.

आणि सगळ्यात लाडका दिलखुलास. फारसी दिल, अरबी खुलासा आणि माणूस आपल्या गावाकडचा. दिलखुलास हसणारा, दिलखुलास बोलणारा. महाराष्ट्र शासनाच्या माहिती खात्याचा आकाशवाणीवरचा कार्यक्रमही 'दिलखुलास' याच नावाचा आहे. मला त्या नावाचं अप्रूप वाटायचं. सकाळी रेडिओवर दिलखुलास ऐकायचं आणि अकरा वाजता कचेरीत खुलासा मागवायचा. शब्द एकच. एकीकडे माणूस आपणहून मन मोकळं करतो, दुसरीकडे त्याच्याकडून तीन दिवसांच्या आत ते वसूल करायचं. मोकळेपणा मागून मिळत नाही, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. मागण्याची पद्धत नीट असेल तर मिळतो, हे मी जबाब घेताना पाहिलं आहे.

वाटपाची प्रकरणं माझ्याकडे होती त्या काळातली गोष्ट. जमीन महसूल अधिनियम १९६६ चा, त्याच्या ८५ व्या कलमाखाली सहधारकांनी संमतीने अर्ज केला तर तहसीलदार जमिनीचं वाटप करून देतात. त्यासाठी प्रत्येकाचा जबाब घ्यायचा. जबाबाची भाषा ठरलेली: 'मी समक्ष हजर राहून विचारलेवरून जबाब लिहून देते की...' आणि शेवट, 'वरील जबाब मला वाचून दाखवला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरा आहे.' या शेवटच्या ओळीवर माझा फार जीव. कारण तिच्यात करणारा आहे, ऐकणारा आहे आणि 'माझे सांगणेप्रमाणे' हे दोन शब्द आहेत. पण गर्दीच्या दिवशी ती ओळ नुसती लिहिली जायची. जबाब घरून किंवा वकिलाकडून टाइप होऊन यायचा, अंगठा घ्यायचा, साक्षीदाराची सही, झालं. मी वाचून दाखवायची. सगळा. मोठ्याने, सावकाश, 'असलेने' आणि 'सबब' सोडून, आपल्या बोलीत. मागे रांग कुरकुरायची.

तीन भाऊ आणि दोन बहिणी होत्या. वडील वारलेले, वारस म्हणून पाचही नावं सातबाऱ्यावर लागलेली. अर्ज असा, की तिघा भावांत वाटप करावं आणि बहिणींना हिस्सा नको. बहिणींचे जबाब तयार होते, दोन्हींचा मजकूर एकसारखा. 'माझ्या लग्नात वडिलांनी भरपूर खर्च केला असलेने मला मिळकतीत हिस्सा नको, मी राजीखुशीने हक्क सोडत आहे.' थोरली बहीण साठीची असेल. मी वाचायला लागले आणि 'भरपूर खर्च' पर्यंत आले तशी ती म्हणाली,

"थांबा बाई. ह्ये कुणी सांगितलं?"

"तुमच्या जबाबात आहे, आक्का."

"बहात्तरच्या दुष्काळात लगीन झालं माजं. साखरपुड्यातच उरकलं. दोन लुगडी आन् एक तांब्या घिऊन गेले मी. भरपूर खर्च कुटला?"

थोरला भाऊ मधे बोलला, "आक्का, आसंच लिवत्यात, नमुना असतो त्यो." ती त्याच्याकडे न बघता मला म्हणाली, "जमीन नगं म्हनले ती मीच म्हनले. त्यात बदल न्हाई. पर कारन माजं लिवा."

मी विचारलं, "काय लिहू?"

"लिवा, मला म्हायेर पायजे. जिमीन घेतली तर भावजया दारात हुभं करायच्या न्हाईत. म्हनून नगं."

मी तसंच लिहिलं. भाषा जरा सरळ केली, पण कारण तेच: 'हिस्सा घेतल्यास माझे माहेर तुटेल असे मला वाटते, म्हणून मी हिस्सा घेत नाही.' परत वाचून दाखवलं. तिने 'बरोबर हाय' म्हणून अंगठा केला. भाऊ खाली मान घालून उभे होते, त्यांच्या तोंडून चकार शब्द नाही. मग धाकटीचा जबाब. तीही तोच छापील मजकूर ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, तिला विचार करायचा आहे, आज सही करणार नाही. साहेबांनी पुढची तारीख दिली. पुढच्या तारखांना बरंच काही झालं, शेवटी धाकटीचा हिस्सा धरून वाटप झालं. थोरलीने आपला निर्णय बदलला नाही.

हे प्रकरण मी कितीतरी जणींना सांगितलं आहे, विशेषतः ज्यांना हक्कसोडपत्रावर सही करायला बोलावणं आलंय त्यांना. मुलगी वडिलांची वारस आहे हे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून आहे. आपल्या राज्याने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली तो हक्क आणखी पक्का केला, वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क दिला. कायद्याने दिलेलं सोडायचा अधिकारही तिचाच आहे आणि ती सोडत असेल तर मी कोण तिला शिकवणार? पण का सोडते ते तिच्या शब्दांत कागदावर यावं. 'राजीखुशीने' हा एक शब्द लिहून मोकळं होणं म्हणजे तिचं म्हणणं ऐकलं असं नाही. आक्काचा जबाब त्या फाइलमध्ये आजही असेल. उद्या तिच्या नातवंडांपैकी कुणी नक्कल काढली तर आजीने जमीन का सोडली ते त्यांना कळेल. छापील मजकुरातून त्यांना आजीबद्दल खोटंच कळलं असतं, की तिच्या लग्नात भरपूर खर्च झाला होता.

इथवर कचेरीने लोकांकडून घेतलेले खुलासे सांगितले. कचेरीने लोकांना द्यायचा खुलासा ही याची दुसरी आणि जास्त मोठी बाजू. त्यासाठी महाराष्ट्राने २००२ सालीच स्वतःचा माहितीचा अधिकार आणला होता, मग १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभराचा कायदा लागू झाला. माझ्या शेवटच्या वर्षांत जन माहिती अधिकारी नायब तहसीलदार असायचे आणि उत्तराचा मसुदा आम्ही करायचो. अर्ज साधा: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर एकच विषय, साधारण दीडशे शब्दांत. माहिती कशाला हवी ते सांगायची गरज नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याने तोंडी सांगितलं तर ते लिहून घ्यायला मदत करणं हे त्या अधिकाऱ्याचं काम, असं कायद्यातच आहे. दारिद्र्यरेषेखालच्याला फी नाही. उत्तर तीस दिवसांत.

लोक अर्ज करतात तेव्हा त्यांच्या मनात एकच शब्द असतो: का. माझ्या शेतरस्त्याच्या अर्जावर निर्णय का झाला नाही? माझी नोंद का रद्द केली? हा शब्द अर्जात आला की उत्तर जातं, 'आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.' हे उत्तर वाचून माणूस संतापतो. पण त्यामागे एक निकाल आहे. गोव्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने एप्रिल २००८ मध्ये सांगितलं, की माहिती म्हणजे दप्तरात जे आहे ते. एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही याचं समर्थन अधिकाऱ्याने नव्याने तयार करून द्यावं, असं हा कायदा सांगत नाही. कारकून म्हणून मला त्यातला व्यवहार कळतो. दुसऱ्याने घेतलेल्या निर्णयाचं कारण मी माझ्या मनाने कसं लिहू? पण त्या एका वाक्याच्या आड कचेऱ्यांनी किती दडवलं तेही मी पाहिलं आहे, आणि ते मला कधीच आवडलं नाही.

कारण त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात, पोटकलम एकच्या (घ) मध्ये, लिहिलं आहे की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रशासकीय आणि न्यायिकवत, म्हणजे न्यायालयासारखी सुनावणी घेऊन दिलेल्या, निर्णयांची कारणं त्यांची झळ पोचणाऱ्या व्यक्तींना द्यावीत. मागितल्यावर नव्हे, आपणहून. लोकांना (ख) माहीत असतं, कारण सतरा बाबींची ती माहिती प्रत्येक कचेरीने तयार ठेवायची असते आणि तपासणीला ती आधी पाहतात. (घ) कुणी वाचत नाही. माझ्या मते सगळ्या कायद्यात ते सर्वांत मोलाचं अक्षर आहे. सरकारने लोकांना खुलासा द्यायचा, नोटिशीची वाट न बघता, इतकं सरळ त्यात लिहिलं आहे.

आणि दप्तरात 'का' असतं. कारकुनाला विचारा, तो सांगेल. प्रत्येक फाइलला दोन भाग असतात, एक पत्रव्यवहाराचा आणि एक टिप्पणीचा. पत्रं बाहेर जातात, ती जपून लिहिलेली. टिप्पणी आत राहते. कारकून लिहितो, अव्वल कारकून शेरा मारतो, नायब तहसीलदार सही करतात, साहेब समासात चार शब्द लिहितात. अर्ज का अडला ते तिथे हाताने लिहिलेलं असतं, तारखेसह आणि सहीसह, म्हणजे करणाऱ्यासकट. बाहेर येणाऱ्या पत्रात 'कार्यवाही सुरू आहे' आणि आतल्या पानावर 'संबंधित मंडळ अधिकारी यांचेकडून अहवाल अप्राप्त, स्मरणपत्र देणे'. म्हणून लोकांना मी सांगते, प्रश्नचिन्ह घालू नका. टिप्पणीच्या पानांच्या प्रती मागा, पानाला दोन रुपये पडतात. त्याआधी अभिलेख पाहायला मागा, पहिल्या तासाला पैसे नाहीत. शिवाय जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक संस्था यांच्यासाठी नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय आहे, दर सोमवारी दुपारी तीन ते पाच अभिलेख नागरिकांना पाहायला खुले ठेवायचे.

आमच्या आळीतला एक शेतकरी गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे आला. शेजाऱ्याने वहिवाटीच्या रस्त्यावर चर मारलेली, ऊस बाहेर काढायला वाट नाही, आणि तहसीलला दिलेल्या अर्जाचं पुढे काही कळत नव्हतं. माहिती मागितली तर 'प्रश्नार्थक' म्हणून कागद परत. त्याचा पहिला अर्ज मी वाचला. तळमळीने लिहिलेला, दोन पानं, गरिबाला न्याय नाही का, इथपासून. त्याचं दुःख खरं होतं आणि ते लिहिण्यात काही गैर नव्हतं, पण त्या दोन पानांत मागणी सापडत नव्हती. आम्ही ओट्यावर बसून नवीन लिहिला: 'रस्ता खुला करून मिळणेबाबतचा माझा अर्ज, आवक क्रमांक आणि दिनांक अमुक. या अर्जाच्या फाइलमधील टिप्पणीची सर्व पाने, या अर्जावर आजपर्यंत पाठवलेली व आलेली सर्व पत्रे, आणि निर्णय झाला असल्यास कलम ४(१)(घ) प्रमाणे त्याची कारणे मिळावीत. प्रती घेण्याआधी मला फाइल पाहायची आहे, त्याचा दिवस व वेळ कळवावी.'

फाइल पाहायला तो एकटाच गेला. मी येते म्हटलं होतं, पण नको म्हणाला, 'काकी, मला वाचता येतंय.' टिप्पणीच्या पानावर होतं, की स्थळपाहणीचा आदेश झाला होता आणि तो कागद गावात पोचलाच नव्हता. कुणाच्या टेबलावरून पुढे गेला नाही तेही सहीवरून दिसत होतं. त्याने त्या पानाची प्रत घेतली आणि त्याच दिवशी साहेबांना भेटला. भांडला नाही. पान पुढे ठेवलं आणि स्थळपाहणीची तारीख मागितली. ती पुढच्या आठवड्यातली मिळाली. पंचनामा झाला, चर बुजवायचा आदेश निघाला. त्यावर शेजाऱ्याने अपील केलं आहे. अपिलात काय म्हणणं मांडायचं त्याचा मसुदा तो परवा घेऊन आला होता. आता त्याच्या वाक्यांत 'मी' आहे, तारखा आहेत आणि कोणत्या कागदाचं कोणतं पान ते आहे. मी फक्त दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारून दिलं.